पाचव्या चाकाची जागा

३ जानेवारी, शुक्रवार

जीपच्या मागच्या दाराची वरची बिजागरी आज तुटली. दार उघडायला गेलो तर स्टेपनीसकट ते माझ्या अंगावर कललं. सव्वीस वर्षं त्या दाराने पाचव्या चाकाचं ओझं पाठीवर वाहिलं आणि कधी कुरकुर केली नाही. आज केली ती एकदाच, पण कायमची. बायको नीला स्वयंपाकघरातून धावत आली. दोघांनी मिळून चाक उतरवलं आणि मागच्या बाकावर ठेवलं. पाहुण्यासारखं बसलं आहे तिथे.

पण या पाहुण्याला तिथे ठेवून भागणार नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी भिवापूरला जायचं आहे आणि यंदा त्या बाकावर रुपराव बसणार आहे.

रुपराव आणि मी भिवापूरच्या शाळेत एका बाकावर होतो. मी नोकरीसाठी नागपुरात आलो, सर्वेक्षण खात्यात नकाशे काढून निवृत्त झालो. तो मिरचीच्या वावरात राहिला. दर वर्षी मिरचीचा तोडा चालू असताना मी त्याच्याकडे जातो. वावरात बसून आम्ही शाळेतल्या कविता म्हणतो. ज्याची ओळ चुकली तो हरला. तो हरला तर वर्षभराचं तिखट माझ्या घरी, मी हरलो तर संत्र्यांची पेटी त्याच्या घरी. गेली अकरा वर्षं मी हरलेलो नाही.

दिवाळीत तो अंगणात पडला आणि त्याच्या खुब्याचं हाड मोडलं. आता वॉकर धरून ओट्यापर्यंत येतो, पुढे नाही. वावर नाल्यापलीकडे आहे. ट्रॅक्टरवर त्याला चढवत नाही आणि साधी गाडी नाल्यात उतरत नाही. परवा फोनवर म्हणाला, "श्रीधर, मले एक डाव वावर दाखव गा. मंग मी काही मांगत नाही." मी हो म्हटलं आहे.

संध्याकाळी नूपुरचा फोन. माझी मुलगी बँकेत आहे, मानेवाड्याला राहते. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी डॉक्टरांनी वीस तारीख दिली होती. मी ती पुढे ढकलली हे तिला नीलाकडून कळलं. बरंच बोलली. मी म्हटलं, ऑपरेशन झालं की महिनाभर गाडीला हात लावू देणार नाहीत, मग रुपरावला कोण नेणार? डोळा कुठे पळून जातो? आणि भिवापूरचा रस्ता मला पाठ आहे. गोपाळराव मास्तर म्हणायचे, डोळे मिटून म्हणता आली तरच कविता पाठ झाली. तसा आहे तो रस्ता.

६ जानेवारी, सोमवार

शहराच्या टोकाला, वाडीला गेलो. तिथे ट्रकच्या बॉड्या बांधणारे पुष्कळ आहेत. त्यातले नत्थूजी जीपगाड्यांचंही काम करतात. साठीचा माणूस, भुवया ठिणग्यांनी जळलेल्या.

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून टॉर्च मारला आणि म्हणाले, "काका, दाराले नवी बिजागरी लावून उपेग नाही. पत्राच फाटला. चाकाचं वजन दारावर पाह्यजेच काहून? मागं मजबूत बंपर बनवतो, चेसिसले बोल्ट मारतो. बंपरच्या एका कोन्यावर खुटा, खुट्यावर फिरता आर्म, आर्मवर स्टेपनी. आर्म इकडं फिरवला की दार मोकळं. दारावर ग्रामभर वजन नाही."

मला ते चित्र एकदम आवडलं. चाक जणू अंगणाचं फाटक झालं.

मग त्यांनी जुना बंपर दाबून पाहिला. "हा तं पार बसला जी. कुठं कुठं ठोकली?"

मी सांगितलं. एक डावीकडचा पोचा दूध केंद्रासमोरच्या खांबाचा. तो खांब महापालिकेने अलीकडेच रस्त्यात घेतला असावा. उजवीकडचा शेजारच्या कुंडीचा. ती माणसं कुंड्या कुठेही ठेवतात. मधला पोचा आमच्याच गेटचा, त्या दिवशी वारा होता.

नत्थूजींनी बोटाने ओठांवरचा तंबाखू पुसला आणि म्हणाले, "म्हंजे तुमाले मजबूतच लागंल."

मी सहा मिलिमीटरचा पत्रा सांगितला. ते म्हणाले, चार पुष्कळ झाला. मी म्हटलं, सहाच.

९ जानेवारी, गुरुवार

नत्थूजींनी चेसिसच्या दोन टोकांमधलं आणि चाकाच्या कमानींमधलं माप मागितलं होतं. ते घ्यायला गाडी पुन्हा वाडीला न्यायची गरज नव्हती. आयुष्यभर मापंच घेतली. टेप काढली आणि अंगणात बसलो. नीलाने दुसरं टोक धरलं. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही, म्हणून तिचं ते राखाडी प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आली. भाजी निवडणं, पूजा, शेजारणींशी गप्पा, सगळं त्या स्टुलावरच. घरात ती जिथे जाईल तिथे स्टूल जातं.

"मी वाचू का आकडे?" तिने विचारलं.

"तू धर फक्त."

कमानींमधलं माप अठ्ठावन्न इंच भरलं. फोनवर नत्थूजींना कळवलं. "अठ्ठावनच ना जी?" त्यांनी दोनदा विचारलं. कामाचा माणूस. दोनदा विचारणारी माणसं मला आवडतात.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळाची वडी दाताखाली कटकन मोडते आणि मला भिवापूरच्या शाळेचं पटांगण दिसतं. गोपाळराव मास्तर हातात वेताची छडी घेऊन तालावर टेबल ठोकायचे, आम्ही चाळीस पोरं डोळे मिटून नदीची कविता म्हणायचो. मी एकदा चोरून डोळे उघडले तर मास्तरांचेही मिटलेले होते.

ट्रकच्या पाठीवर काहीतरी लिहिलेलं असतं तसं माझ्याही बंपरवर असावं, असं मनात आलं. नत्थूजींकडे पेंटर आहेच. दुपारभर बसून दोन ओळी केल्या:

धूळ मागली मागे राहो, पुढे खुणावे वाट
चाक पाचवे पाठीराखे, नको मनी घबराट

सोळा आणि अकरा मात्रा. दोनदा मोजल्या. नीलाला वाचून दाखवल्या तर म्हणाली, "घबराट कोणाच्या मनी? तुमच्या की मागून येणाऱ्याच्या?"

तिला कविता कळत नाही, हे लग्नाच्या वर्षीच कळलं होतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

वाडी. पत्रा कापून, वाकवून तयार होता. जीपला लावायला घेतला तर पाच इंच लांब. दोन्ही बाजूंनी चाकाच्या कमानींत घुसत होता.

नत्थूजींनी स्वतःच्या टेपने मोजलं. त्रेपन्न. मला आकडा दाखवला. मी मान हलवली.

"काका, तुमच्या घरी टेप कोनं वाचला?"

"मीच. टेप जुनी आहे माझी. पुढचं टोक झिजलं असेल."

"पाच इंच झिजलं?"

त्यांचे दोन कारागीर हसले. मला वाईट वाटलं, पण दाखवलं नाही. टेप खरंच जुनी आहे, खात्यातून निवृत्त होताना मिळालेली. टोकं कापून पत्रा पुन्हा जोडायला तीन दिवस जातील. नत्थूजी म्हणाले, होते जी, वेल्डिंग माराले किती वेळ.

येताना रिंग रोडवर समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फार डोळ्यांवर येत होते. दिवसाउजेडी दिवे लावून का चालवतात लोक, कळत नाही. हल्लीचे दिवेही फुटतात कसे, कापसाच्या बोंडासारखे.

२१ जानेवारी, मंगळवार

आज दिवसभर वाडीलाच होतो. नत्थूजींनी मला खुर्ची दिली आणि चहा दिला. जुना बंपर काढताना एक बोल्ट गंजून बसला होता. रॉकेल टाकलं, ठोकलं, शेवटी गॅसने कापला. मग नवा बंपर चेसिसच्या दोन्ही टोकांना ब्रॅकेट घालून बसवला. सहा बोल्ट. प्रत्येक बोल्ट आवळून झाला की नत्थूजी त्यावर खडूने रेघ ओढत. "रेघ सरकली तं समजाचं का बोल्ट ढिला झाला." नकाशातही आम्ही अशाच खुणा करायचो.

उजव्या कोपऱ्यावर खुटा. त्यात ट्रॉलीच्या चाकाचं बेअरिंग घातलं आहे, त्यामुळे आर्म एका बोटाने फिरतो. पण आर्मवर चाक टांगलं तेव्हा दुसरं टोक इंचभर खाली झुकलं आणि खटका खाचेत बसेना. कारागीर म्हणाला, जोराने उचलून लावायचा. नत्थूजींनी त्याला बाजूला केलं. "काका रोज उचलत बसतील का?" त्यांनी बंपरवर, खटक्याच्या खाली, एक छोटा रोलर बसवला. आता आर्म बंद होताना रोलरवर चढतो आणि आपोआप इंचभर वर येतो. ओझं वाहणाऱ्याला शेवटच्या इंचाला कोणीतरी हात द्यावा लागतो, एवढंच ते तंत्र. मला गहिवरून आलं. नत्थूजी म्हणाले, "धूर गेला का डोळ्यात?"

निघताना त्यांनी बंपरवर घणाचा एक टोला मारून दाखवला. घंटेसारखा वाजला, पोचा नाही. "आता ठोकली तरी तुमाले समजनार नाही, इतका मजबूत झाला."

पेंटरसाठी दोन ओळींचा कागद देऊन आलो.

२४ जानेवारी, शुक्रवार

गाडी आणली. काळा बंपर, त्यावर पिवळी अक्षरं, पाठीवर पाचवं चाक. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाऊ नयेत म्हणून नत्थूजींनी ते डावीकडे सरकवून दिले.

"पेंटरनं थोडं आपल्या मनानं केलं जी," नत्थूजी म्हणाले. "तुमचा कागद भट्टीजवळ ठेवला होता, जळला. वाचून घ्या. नसंल पसंत तं पुसून देतो."

मी वाकलो. उन्हात पिवळा रंग असा काही झळकत होता की अक्षरं एकमेकांत मिसळून सोन्याची पट्टी दिसत होती. माणसाने मनापासून केलेल्या कामात वेलांटी-उकाराच्या चुका काय काढायच्या? "छान आहे," म्हटलं. नत्थूजींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "एक आयका काका. टायरनं मागची काच झाकली. आरशात आता टायरच दिसंल. मागं एक कॅमेरा लावून घ्या, नाही तं मागं कोनाले तरी उभं करून घेत जा."

चाळीस वर्षं मी गाडी मागे घेतो आहे. कॅमेरा नको म्हटलं.

घरी नीलाने गेट उघडलं आणि मागे उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या, बस" करत गाडी आत घेववली. उद्या पूजा करायची म्हणाली. मागे तिला बसायला जागा हवी, म्हणून गाडी पुढे घेऊन गेटला नाक लावून ठेवली.

तिने बंपर वाचला आणि कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली. "छान लिहिलंय," म्हणाली. "खरं लिहिलंय."

सेहेचाळीस वर्षांत तिने माझ्या ओळींना छान म्हटल्याची ही पहिली वेळ. तारीख लिहून ठेवतो.

२५ जानेवारी, शनिवार

पूजा झाली नाही. आज लिहीत नाही.

२६ जानेवारी, रविवार

लिहिलं पाहिजे. घडलं त्याच क्रमाने लिहितो.

काल सकाळी नऊ वाजता नीलाने चारही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. मग ताट घेऊन गाडीच्या मागे गेली. गाडी आणि मागची भिंत यांच्यात चारेक फूट जागा होती. तिथे स्टूल ठेवून बसली आणि बंपरला हळदकुंकू लावायला लागली. मी पुढे सीटवर जाऊन बसलो होतो. पूजा झाली की लिंबांवरून गाडी काढायची, नवी गाडी घेतल्यावर करतात तसं.

मला तिची घंटी ऐकू येत होती. घंटी थांबली. मी समजलो, पूजा झाली.

गेट आत उघडतं. गाडीचं नाक त्याला लागलेलं, म्हणून गाडी आधी थोडी मागे घ्यायला हवी होती. इंजिन सुरू केलं. मधल्या आरशात टायर दिसला. बाजूच्या आरशात भिंत दिसली, भिंतीसारखं काहीतरी. रिव्हर्स टाकला आणि क्लच सोडला.

कडकड असा आवाज झाला. मनात म्हटलं, लिंबं फुटली. नीलाने मागच्या चाकांची लिंबं मागून ठेवली असतील. चांगली फुटली. गाडीला गचका नाही, धक्का नाही. काहीच कळलं नाही.

उतरून पाहिलं. चारही लिंबं चाकांपुढे अख्खी होती. स्टूल बंपर आणि भिंत यांच्यात चिरडून सपाट झालं होतं. ताट दुमडलं होतं. हळदकुंकू भिंतीवर उडालं होतं. मी भिंतीला हात टेकला. वाकून बंपरखाली पाहिलं.

"मी इथे आहे," नीला म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात काडेपेटी घेऊन उभी होती.

आम्ही दोघं पायरीवर बसलो. ती म्हणाली, "काडेपेटी ताटात ठेवायची राहिली. इतक्या वर्षांत मी पूजेच्या ताटात कधी काही विसरले नाही."

एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

बंपरला ओरखडाही नाही. जुना असता तर दबला असता, गाडीला गचका बसला असता, माझा पाय ब्रेकवर गेला असता. तेवढ्यात वाचवता आलं असतं का, माहीत नाही. स्टुलावर ती असती तर आधीच उशीर झाला असता.

दुपारी एक कागद घेतला. दूध केंद्राचा खांब. शेजारची कुंडी. आमचं गेट. टेपचे पाच इंच. रिंग रोडवरचे दिवे. प्रत्येकापुढे मी जे निमित्त सांगितलं होतं ते लिहिलं आणि एकेक खोडलं. खांब तिथे आम्ही राहायला आलो त्याच्या आधीपासून आहे. वारा नव्हता. सगळी निमित्तं खोडल्यावर कागदावर एकच गोष्ट उरली, आणि ती नूपुर तीन महिने सांगते आहे.

मी किल्ली नीलापुढे ठेवली. "नूपुरला फोन कर," म्हटलं.

"तुम्ही करा."

केला. सगळं सांगितलं. मग मी विचारलं, "तुला जीप चालवता येईल का? रुपरावला शब्द दिला आहे."

"बाबा, मला ती तुम्हीच शिकवली," ती म्हणाली. "आणि डॉक्टरांना सोमवारी मी फोन करणार आहे. तुम्ही नाही."

३० जानेवारी, गुरुवार

डॉक्टरांनी अठरा फेब्रुवारी दिली. नत्थूजींना फोन करून कॅमेरा बसवायचं सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. म्हणाले, "बरं जी, उद्या पोरगं पाठवतो." मग म्हणाले, "काकू बऱ्या आहेत ना?" मी हो म्हटलं. त्यांना काय कळलं असेल, किती आधी कळलं असेल, याचा विचार करत बसलो.

२ फेब्रुवारी, रविवार

नूपुरने गाडी चालवली. मी डावीकडे बसलो, नीला मागे. बाकावरची उरलेली जागा रिकामी, पाचवं चाक बाहेर आपल्या जागी.

दिघोरी सोडल्यावर मी सवयीने तिला रस्ता सांगू लागलो. उमरेडच्या अलीकडे म्हटलं, "आता डावीकडे मोठं चिंचेचं झाड येईल, तिथे खड्डा आहे, हळू घे."

"झाड नाहीये बाबा."

"येईल आता."

"गेलं. रस्ता रुंद केला तेव्हाच तोडलं. दोन वर्षं झाली."

मागच्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी याच रस्त्याने मी गाडी नेली होती. दोन्ही वेळा मला झाड दिसलं होतं. दोन्ही वेळा मी तिथे गाडी हळू केली होती. नीला मागे बसलेली असायची. ती काही बोलली नसेल, किंवा बोलली असेल.

भिवापूरला रुपराव ओट्यावर तयार होऊन बसला होता, पांढरं धोतर, टोपी. त्याच्या बायकोने, प्रयागबाईंनी, मांडीवर शाल टाकली होती. नूपुरने आर्म एका बोटाने फिरवला, मागचं दार उघडलं, वॉकर आत ठेवला. दोन शेजाऱ्यांनी त्याला उचलून बाकावर बसवलं.

"हे काय लावलं गा मागं? तोफ?"

"स्टेपनी आहे. तुझ्या जागेवर बसली होती, तिला बाहेर काढली."

"मंग बरं केलं. माही जागा कोनाले द्याची नाही."

नूपुरने नाल्यात गाडी बरोबर पहिल्या गिअरमध्ये उतरवली. पलीकडे चढताना दगडावर मागचं टोक आपटलं, बंपर घंटेसारखा वाजला. रुपराव म्हणाला, "वाह!"

वावर लाल झालं होतं. बाया तोडा करत होत्या. खळ्यावर मिरची पसरलेली, वाऱ्याबरोबर तिचा खाट, म्हणजे तिखट झणका, उठत होता. सगळे खोकत होते. रुपराव खोकत खोकत हसत होता. त्याने झाडांची एकेक ओळ नजरेने मोजली, एका बाईला ओरडला, "देठासकट तोड वं, नुसती बोंडी नको ओढू!"

मग म्हणाला, "चाल. मीट डोळे."

नदीची कविता. तो डोळे मिटून सुरू झाला. त्याचं पहिलं कडवं बिनचूक झालं. दुसरं माझं.

"डोळे मीट गा. बेइमानी नाही चालनार."

"यंदा उघडे ठेवून म्हणतो."

"काहून?"

मी म्हणायला लागलो. डोळे उघडे होते. समोर नीला दगडावर बसून मिरची निवडत होती. नूपुर तिच्या मागे उभी होती. तिसऱ्या ओळीला मी थांबलो. ओळ आली नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा आली नाही. जी गोष्ट मला डोळे मिटून येते ती डोळे उघडल्यावर आली नाही, कारण समोर दुसरं काहीतरी होतं आणि मी ते बघत होतो.

"हारला!" रुपराव ओरडला. "प्रयाग, आयकलं का वं? श्रीधर हारला! संत्र्याची पेटी!"

त्याचा आनंद ओसरल्यावर मी त्याला स्टुलाची गोष्ट सांगितली. टोपी काढून मांडीवर ठेवली त्याने.

"मी वावराचा हट्ट धरला म्हनून तू डोळा तसाच ठेवला?"

"तसं नाही."

"तसंच आहे. येडा आहेस का तू? वावर काय पळून जाते?" मग नीलाकडे वळला. "वहिनी, याच्या मागं नका बसत जाऊ जी. समोर बसा, म्हंजे काही तरी पाहीन तो."

नीला हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा हसली. येताना प्रयागबाईंनी तिखटाचं पोतं दिलंच. मी म्हटलं, मी हरलो आहे, घेणार नाही. त्या म्हणाल्या, "ते तुमच्या दोघांचं. हे माह्याकडून वहिनीले."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ऑपरेशन झालं. वीस मिनिटं. नूपुर म्हणते लिहायचं नाही. एवढं लिहून थांबतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

थोडं वाचायला-लिहायला परवानगी मिळाली. उन्हात काळा चष्मा लावायचा. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही. पुढे डावा डोळाही करायचा आहे. तो झाल्यावर गाडीचं काय ते ठरवू. ठरवणार आम्ही तिघं.

सकाळी नीला अंगणात भाजी निवडत बसली होती. नवं स्टूल आणलं आहे. मी म्हटलं, "निळं आणलंस या वेळी?"

"तसंच आणलं. जुनंही निळंच होतं."

मी ते राखाडी लिहिलं आहे, मागे जाऊन पाहिलं. खोडलं नाही.

मग बंपरकडे गेलो. काळा चष्मा लावून, न वाकता, दोन पावलं मागे उभा राहून वाचलं. पिवळी अक्षरं एकेक सुटी दिसली. माझ्या दोन ओळी तिथे नाहीतच. पेंटरने लिहिलं आहे:

हळू चालवा, घरी कोणी
वाट पाहून राहिलं

"तुला माहीत होतं?" मी नीलाला विचारलं.

"मी तेव्हाच म्हटलं, छान लिहिलंय."

उभ्या उभ्या मात्रा मोजल्या. पंधरा आणि तेरा. पहिल्या ओळीत एक कमी, दुसरीत दोन जास्त. गोपाळराव मास्तरांनी छडी उगारली असती.

नत्थूजींना फोन केला, बोल्टांवरच्या खडूच्या रेघा जागेवर आहेत हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "मंग, ते लिहिलेलं पुसून तुमचं टाकाचं का जी?"

राहू द्या, म्हटलं.